मर्ल डॉब्स गप्प बसला तो दिवस

मर्ल डॉब्सच्या जिभेला हाड नव्हतं, आणि उजव्या कोपरात जे होतं ते कधीच कामातून गेलं होतं. त्याची अख्खी कारकीर्द या दोन गोष्टींत मावत होती. सव्वीस वर्षांचा होईपर्यंत तो हाताच्या जोरावर जगला आणि हात गेल्यावर तोंडाच्या. आता तो बावन्न वर्षांचा होता, म्हणजे निम्मं आयुष्य हाताला आणि निम्मं तोंडाला, अशी चोख वाटणी झाली होती.

केंटकीतल्या एका कोळशाच्या गावातून तो बाहेर पडला तेव्हा त्याच्याइतक्या जोरात चेंडू फेकणारं पोरगं आसपासच्या मुलखात नव्हतं. साठ सालच्या सुमाराला तो मोठ्या लीगमध्ये पोचला, साडेतीन हंगाम टिकला, आणि त्यातला एक खरोखर चांगला गेला. हे सगळं खरं आहे. पण मर्लचं खऱ्यावर भागत नसे. एका सामन्यात तिन्ही बेसवर समोरच्या टीमची माणसं उभी असताना त्यानं एका बॅटरला तीन चेंडूंत बाद केलं होतं, त्याची कथा तो ज्याला-त्याला ऐकवायचा. पहिल्यांदा सांगितली तेव्हा तो बॅटर नुसता बरा होता. दहा वर्षांनी तो फार चांगला झाला, आणि हल्ली तर तो अमेरिकेत जन्माला आलेल्या सर्वोत्तम बॅटरांपैकी एक होऊन बसला होता. तो बिचारा कधीच निवृत्त होऊन पेन्सिल्व्हेनियात किराणा दुकान चालवत होता, आणि आपली ही प्रगती त्याच्या कानावरही नव्हती.

हात गेल्यावर मर्लनं सासऱ्याच्या ट्रॅक्टरच्या दुकानात नोकरी धरली. गिऱ्हाईक ट्रॅक्टर बघायला यायचं, बेसबॉल ऐकायचं आणि घरी जायचं. सासऱ्यानं वर्षभर सहन केलं. मग त्यानं स्वतः ओळखीच्या माणसांना फोन केले आणि जावयाला एका लहान गावातल्या टीममध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या, मुलांचा कोच म्हणून चिकटवून दिलं. तेव्हापासून मर्ल लहान गावांतून फिरत होता. रात्ररात्र बसचा प्रवास, दोघांत एक खोली देणारी मोटेलं, आणि मोजे स्वतः धुवायचे.

सध्याचं गाव ओहायोतलं हार्लन फॉल्स आणि टीमचं नाव मिलर्स. ही टीम मोठ्या लीगच्या बरोबर एक पायरी खाली. वरच्या पायरीवर विमान असतं, प्रत्येकाला स्वतंत्र खोली असते, आणि बॅग उचलायला माणूस असतो. या एका पायरीकडे बघत मर्लनं सतरा वर्षं काढली होती. त्याची बायको व्हेल्मा हिनं तर यंदा स्पष्टच सांगितलं होतं, “मर्ल, या हंगामानंतर मी आणखी एका मोटेलातला पडदा बघणार नाही. वर जा, नाहीतर घरी ये. आणि घरी आलास तर निदान जेवताना तरी तोंड बंद ठेव.”

आणि एकोणनव्वद सालच्या ऑगस्टमध्ये खरंच संधी चालून आली. वरच्या टीमचा पिचिंग कोच हंगाम संपला की जाणार, हे पक्कं झालं. खालच्या सगळ्या टीमांवर देखरेख करणारे मिस्टर ऑल्ड्रिच स्वतः सामना बघायला हार्लन फॉल्सला आले. निमित्त होतं कॉय लेदरवुडचं. टेनेसीच्या डोंगरातला हा एकवीस वर्षांचा उजवा पिचर मिलर्सचं सगळ्यात मौल्यवान रत्न होता. मोठ्या लीगमध्ये जाणार हे सगळ्यांना माहीत होतं, कधी एवढाच प्रश्न होता. पोरगं स्वभावानं इतकं गरीब की बूट घालतानाही बुटाला विचारून घालेल. मर्लला असा श्रोता जन्मात मिळाला नव्हता. बाकीची पोरं बसमध्ये त्याची गोष्ट सुरू झाली की झोपेचं सोंग घ्यायची. कॉय शेवटपर्यंत जागा राहायचा आणि वर “थँक यू, कोच” म्हणायचा.

सामन्याआधी ऑल्ड्रिचसाहेबांनी मर्लला तिकीटखिडकीमागच्या खोलीत बोलावून घेतलं.

“डॉब्स, तुम्हाला काम येतं, त्यात वाद नाही. पण तुम्ही फार बोलता हो.”

“मी? साहेब, आता हे तुम्ही म्हणताय म्हणून, नाहीतर मी तर उलट—”

“बघा.”

मर्ल थांबला.

“वर एकेक पिचर म्हणजे संस्थानिक आहे,” साहेब म्हणाले. “त्यांना कानाशी सतत भुणभुण चालत नाही. उंचवट्यावर तर नाहीच नाही. आज मी दोन गोष्टी बघणार आहे. तुमचं ते पोरगं काय करतं, आणि तुम्ही त्याला त्याचं काम करू देता की नाही.”

यातला उंचवट्याचा टोमणा वर्मी लागणारा होता. मैदानाच्या मधोमध मातीचा उंचवटा असतो, त्यावर उभा राहून पिचर चेंडू टाकतो. मध्येच खेळ थांबवून तिथं जायचा आणि पिचरशी दोन शब्द बोलायचा कोचला हक्क असतो. हात दुखतोय का, दम लागलाय का, एवढं विचारायचं, बस्स. मर्ल तिथं गेला की हॉट डॉग विकणारी माणसं प्रेक्षकांत एक पूर्ण फेरी मारून घ्यायची. शेवटी पंच तंगड्या टाकत यायचा आणि म्हणायचा, “डॉब्स, लग्न लावतोयस का पोराचं? चल, नीघ.”

तर अशा माणसानं त्या दुपारी मनाशी शपथ घेतली की आज तोंड उघडायचं नाही. त्यात नशीब असं बलवत्तर, की खेळानंही त्याला तोंड उघडायला बंदी घातली.

झालं असं, की पहिले पाच डाव कॉयनं समोरच्या टीमला एकही हिट, म्हणजे न झेलला जाता बेस गाठून देणारा फटका, मारू दिला नाही. सामना नऊ डावांचा. नऊच्या नऊ डाव असे कोरडे काढले तर त्याला नो-हिटर म्हणतात, आणि भल्याभल्या पिचरांची कारकीर्द संपते पण त्यांच्या नशिबी एक नो-हिटर येत नाही. ती घडत असते तेव्हा डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाच्या कडेला टीम बसते त्या बुटक्या छपराखाली, एक कायदा आपोआप लागू होतो. तो कुठल्या पुस्तकात छापलेला नाही, म्हणूनच कोणी मोडत नाही. पिचरशी बोलायचं नाही. त्याच्या शेजारी बसायचं नाही. ‘हिट’ हा शब्द कुणाशीच काढायचा नाही. पिचरपासून लांब एकदा जागा धरली की ती सोडायची नाही, जो शेंगदाणे खात असेल त्यानं खात राहायचं. एखाद्यानं तोंड उघडलं आणि पुढच्या चेंडूवर हिट गेला, तर त्या माणसाचं नाव गावात वर्षानुवर्षं निघतं. कर्ज काढून विमानं बनवणारी, चंद्रावर माणसं पाठवणारी ही माणसं. पण नो-हिटर चालू असताना यांतला शिकलेला डॉक्टरसुद्धा पाय दुखतो म्हणून मांडी बदलणार नाही.

सहाव्या डावापर्यंत बाक रिकामा होत गेला आणि कॉय एका टोकाला एकटा उरला. सगळी टीम दुसऱ्या टोकाला खेटून बसली. मर्ल मध्ये बसला होता, हाताची घडी घालून, ओठ आत ओढून. पोटात शब्दांचा नुसता गोळा झाला होता. दोनदा त्यानं तोंड उघडलं आणि सूर्यफुलाच्या बिया कोंबून बंद केलं.

मॅनेजर गस पेरिलो हा न्यूजर्सीचा, अनुभवी, आळशी आणि मनानं वाईट नसलेला माणूस. त्यानं मर्लकडे दोनदा वळून बघितलं.

“मर्ल, लेका, बरं वाटत नाहीये का?”

मर्लनं मान हलवली.

“नाही म्हणजे तुझा आवाज नाही आला बराच वेळ. मला वाटलं गेलास की काय.”

पलीकडची पोरं फिसकन हसली. मर्लही हसला. आज त्याला राग यायचं कारण नव्हतं. प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत पांढरी टोपी घालून ऑल्ड्रिचसाहेब बसले होते, आणि त्यांचं तोंड प्रसन्न दिसत होतं.

सहावा डाव संपवून कॉय आत आला, आणि मर्लला ते दिसलं.

पोरानं पाण्याचा पेला उजव्या हातानं उचलला आणि डाव्यात घेतला. मग तो आपल्या उजव्या हाताकडे बघत बसला. मूठ मिटली, उघडली, परत मिटली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट इतर बोटांच्या मागून आलं, उशीर करून. कॉयनं करंगळी डाव्या हातात धरून चोळली, चिमटा काढला, आणि ती दुसऱ्या कुणाची असावी तशी तिच्याकडे बघितलं.

मर्लच्या तोंडातली बी तशीच राहिली.

आपला हात कसा गेला याचीही मर्लकडे एक गोष्ट होती. त्या गोष्टीत एक थंड दिवस असायचा, एक चेंडू, आणि वरच्या गॅलरीपर्यंत ऐकू गेलेला ‘कट्’ असा आवाज. ऐकणारे हळहळायचे, कोणीतरी बियर पाजायचं. खरं काय ते मर्लनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. खरं असं होतं, की आवाजबिवाज काही झाला नाही. त्याआधी तीन आठवडे त्याची हीच दोन बोटं बधिर होती. शर्टाची बटणं व्हेल्मा लावून द्यायची. त्याच्या तेव्हाच्या मॅनेजरनं ते बघितलं होतं, अगदी समोरून बघितलं होतं, आणि खिडकीबाहेर बघत ‘उद्या तूच टाकतोयस’ म्हणाला होता. त्या मॅनेजरच्या नावानं बोटं मोडण्यात मर्लनं सव्वीस वर्षं घालवली होती. प्रत्येक गावातल्या प्रत्येक बारमध्ये त्यानं त्याला कसाई म्हटलं होतं.

म्हणजे त्या क्षणी ओहायो राज्यात कॉय लेदरवुडच्या कोपरात काय चाललंय हे नेमकं ओळखणारा एकच माणूस होता, आणि तो कॉयपासून चार-पाच पावलांवर पगार घेऊन त्याच कामासाठी बसला होता.

आता उठायचं, पोराला विचारायचं, गसला सांगायचं आणि दुसऱ्या पिचरला तयार करायचं. इतकं सोपं. मर्ल उठणारही होता, इथं त्याच्यावर अन्याय नको. पण उठलं की काय होणार, हेही त्याला लख्ख दिसलं. पाच हजार लोक आधी गप्प होणार आणि मग हुर्यो करणार. पोराची नो-हिटर कोचनं मोडली, तीही त्या वटवट्या डॉब्सनं, हे उद्या पेपरात येणार. आणि ऑल्ड्रिचसाहेब टोपी सरळ करून गाडीत बसणार. सतरा वर्षांची बस मर्लच्या डोळ्यांसमोरून गेली, मागच्या सीटवरच्या ओल्या मोज्यांसकट.

एखादं बोट बधिर झालं म्हणजे लगेच काय, त्यानं स्वतःला समजावलं. घट्ट मनगटपट्टी असेल. पोरगं तरुण आहे. तीन डाव तर राहिलेत. ज्या माणसाला इतरांशी बोलायला मनाई असते तो स्वतःशी किती गोड बोलतो, ते तेव्हा मर्लच्या डोक्यात शिरून ऐकायला हवं होतं.

सातव्या डावात कॉयचा वळणारा चेंडू वळेना. नेहमी तो बॅटरच्या छातीशी निघायचा आणि गुडघ्याशी पोचायचा. आता तो नुसताच सरळ, मऊसूत जात होता, आणि बॅटर त्याला फटके मारत होते. पण ज्याच्या हातून काही चांगलं घडायचं नसतं त्याच्या मदतीला नशीब धावतं. दोन जोरदार फटके सरळ खेळाडूंच्या हातात गेले. तिसरा एकानं उजव्या कोपऱ्यात कुंपणाला पाठ लावून झेलला. लोक उभे राहून किंचाळत होते. बॅटरच्या मागं बसून चेंडू घेणाऱ्या कॅचर रुईझनं तोंडावरची जाळी वर करून डगआउटकडे बघितलं, नेमकं मर्लकडे. चेंडू रुईझच्या हातात पडत होता, त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. मर्ल खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला.

“जाऊन येतोस का रे जरा?” गसनं हळूच विचारलं. “चेंडू वळत नाहीये त्याचा.”

“आत्ता?” मर्ल कुजबुजला.

“पिचिंग कोच तू आहेस.”

“गस, आत्ता मी उंचवट्यावर गेलो तर ही माणसं मला जिवंत सोडतील?”

गसनं प्रेक्षकांकडे बघितलं. “तेही खरंच,” तो म्हणाला, आणि त्याचा जीव भांड्यात पडल्याचं त्याच्या खांद्यांवरून कळलं. त्याला तरी कुठं निर्णय घ्यायचा होता?

आठव्या डावाच्या आधी मिलर्सची बॅटिंग चालू होती. तेव्हा कॉय लेदरवुड आपल्या टोकावरून उठला. सगळा बाक ताठ झाला. तो चालत आला आणि मर्लच्या शेजारी, मांडीला मांडी लावून बसला. पलीकडच्या एका पोरानं छातीवर क्रॉसची खूण केली.

“कोच,” कॉय म्हणाला.

मर्लनं समोर बघितलं.

“कोच, माझी दोन बोटं बधिर झालीयेत. करंगळी आणि ही. चेंडू सुटतो कधी ते कळतच नाही.”

हळू आवाजात बोलला, पण डगआउटमध्ये इतकी शांतता होती की पाण्याच्या नळाजवळ बसलेल्यालाही ऐकू गेलं. पंचवीस माणसं मर्लच्या तोंडाकडे बघायला लागली. पंचवीस माणसांना एकच काळजी होती, की हा आता बोलतो की काय.

मर्ल पोराकडे बघत नव्हता. पोराचा हात मात्र त्याच्या डोळ्यांच्या कडेला दिसत होता. तळवा वर करून मांडीवर ठेवलेला, डॉक्टरला दाखवतात तसा. मर्लच्या मनात सगळं वाक्य तयार होतं. ‘बस झालं, पोरा, जॅकेट घाल.’ आयुष्यात लाखो शब्द फुकट वाटलेल्या माणसाकडे एवढे पाच होते, अगदी जिभेच्या टोकावर.

तो उठला. चार पावलं चालून गसजवळ गेला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “गस, उद्या बस किती वाजता सुटतेय रे?”

गसला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

“नऊला,” तो म्हणाला.

“मग नाश्ता मोटेलातच करावा लागणार,” मर्ल म्हणाला.

बाकावरून सुटकेचा श्वास निघाला. एका पोरानं मर्लच्या पाठीवर थाप मारली. वा, म्हातारा कसलेला आहे, कायदा पाळला! कॉय थोडा वेळ त्या रिकाम्या जागेशेजारी बसून राहिला. मग त्यानं हातमोजा उचलला आणि मैदानात गेला, कारण मिलर्सचा तिसरा बॅटर बाद झाला होता आणि त्याची पाळी होती.

आठवा डाव गेला. नववाही गेला, कसा ते सांगण्यात अर्थ नाही. कॉय आता कोपर खाली पाडून, अख्ख्या अंगानं ढकलत होता. शेवटचा फटका आकाशात उंच गेला, रुईझनं जाळी फेकून तो झेलला आणि हार्लन फॉल्सनं मैदान डोक्यावर घेतलं. सगळी टीम कॉयच्या अंगावर पडली. त्या ढिगातून पोराचं ओरडणं ऐकू आलं. लोकांना तो आनंद वाटला.

ऑल्ड्रिचसाहेब कुंपणाचं फाटक उघडून स्वतः आत आले.

“डॉब्स! काय सांगितलंत हो त्याला?”

“काही नाही, साहेब,” मर्ल म्हणाला. “एक शब्दही बोललो नाही.”

“हेच! हेच तर मला बघायचं होतं.” साहेबांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. “हंगाम संपला की फोन येईल. मिसेसना सामान बांधायला सांगा.”

मर्लनं व्हेल्माला फोन केला. ती रडली. मग तोही रडला, आणि रडता रडता बोलत राहिला. ती इतकी खूश होती की तिनं त्याला मध्ये थांबवलंही नाही. लाजेची टोचणी लागली नाही असं नाही. लागली, चांगलीच लागली. पण आनंद मोठा होता आणि टोचणी त्याच्याखाली दबून गेली, रात्रभर तरी.

सकाळी टीमच्या डॉक्टरनं कॉयचा हात बघितला. कोपर सुजून कलिंगडासारखं झालं होतं आणि सरळ होत नव्हतं. आतला अस्थिबंध फाटलाय, तो म्हणाला, आणि शीरही दुखावली आहे. ऑपरेशन लागेल. चेंडू परत टाकता येईल का, या प्रश्नावर डॉक्टरनं ‘मोठ्या डॉक्टरांना विचारू’ असं म्हटलं. डॉक्टर लोक असं म्हणतात तेव्हा त्यांना उत्तर माहीत असतं.

बस दुपारवर ढकलली होती, कारण गावच्या पेपरचा फोटोग्राफर यायचा होता. नो-हिटर टाकणारा पिचर आणि त्याचा कोच, असा फोटो पहिल्या पानावर हवा होता. मर्ल दाढी करून, स्वच्छ जर्सी घालून उंचवट्यावर उभा होता. कॉय आला. डॉक्टरनं गळ्यात बांधलेली हाताची झोळी त्यानं फोटोसाठी काढून खिशात कोंबली होती. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

“पोरा,” मर्लनं सुरुवात केली. “हल्ली शास्त्र फार पुढं गेलंय. माझ्या वेळी काय होतं? माझ्या वेळी बर्फ होता आणि देव होता. आता बघ, वर्षभरात लोक परत येतात. मी स्वतः ऑल्ड्रिचसाहेबांशी बोलणार आहे. आणि नो-हिटर तर कुणी हिरावून घेऊ शकत नाही ना? नातवंडांना सांगशील—”

“कोच.”

“हां, बोल.”

“काल मी तुम्हाला सांगितलं होतं. ऐकू आलं होतं ना?”

“काय आहे, पोरा, गर्दीचा एवढा आवाज होता—”

“आवाज नव्हता, कोच. कुणीच बोलत नव्हतं.”

मर्लनं घसा खाकरला. “तुला रीत माहीत आहे. नो-हिटर चालू असताना बोलत नाहीत. तू सुद्धा बोलायला नको होतंस खरं तर.”

“माहीत आहे,” कॉय म्हणाला. रागानं नाही. रागानं म्हणाला असता तर मर्लकडे त्यावर अर्धा तास पुरेल इतकं बोलणं होतं. “मला वाटलं, तुम्हाला कळेल. तुमचाही हात गेलेला आहे म्हणून.”

बेसबॉलमध्ये आल्यापासून पहिल्यांदाच असं झालं, की मर्लला बोलायची पूर्ण मोकळीक होती, समोर ऐकणारा होता, आणि तोंडातून निघाली ती नुसती हवा.

“चला, मंडळी,” फोटोग्राफर ओरडला. “दोघं हातात हात घ्या. उजवे हात, उजवे. जरा जवळ या. हां.”

कॉयनं डाव्या हातानं उजवा हात कोपराशी उचलला आणि पुढं केला. मर्लनं तो हातात घेतला.

“अरे, नीट धर की कोचचा हात,” फोटोग्राफर डोळ्याला कॅमेरा लावून म्हणाला. “ती दोन बोटं काय उभी राहिलीत? मीट ती. घट्ट धर.”

“धरलाय, साहेब,” कॉय म्हणाला. “घट्ट धरलाय.”

मग त्यानं खाली बघितलं. मर्लनंही बघितलं. मर्लनं आपला डावा हात पुढं आणला, पोराची ती दोन बोटं एकेक करून स्वतःच्या हातावर मिटवली, आणि वरून दाबून धरली.

“काढा,” तो फोटोग्राफरला म्हणाला. “काढा लवकर.”